ही पोकळी कोण?

“स्वरूपा, मला तिथे हसू आलं तर गं?”

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या साडीच्या निऱ्या धरून खाली बसले होते आणि माझ्या तोंडात सेफ्टी पिना होत्या. त्या काढून मी म्हटलं, “आई, शोकसभेत कुणाला हसू येत नाही. रडू येतं. आलं तर येऊ द्या.”

“रडू आलं तर काही प्रश्नच नाही,” त्या म्हणाल्या.

माझे सासरे, राजाभाऊ पेंढारकर, डिसेंबरच्या शेवटी गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. जानेवारीत चंद्रप्रभामावशी साळवे गेल्या. त्या सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या, लग्न केलं नव्हतं, चर्चच्या गायकवृंदात पुढे उभ्या राहायच्या. आणि त्यांच्यामागून श्यामकांतकाका वैशंपायन. ते ऑडिटमधले. आयुष्यभर लोकांच्या फायलींवर शेरे मारले, आणि निवृत्तीनंतर गुरुग्रामला मुलाकडे राहायला गेल्यावरही लिफ्टमधल्या सूचना मोठ्यांदा वाचून त्यातल्या चुका काढायचे.

हे तिघं आणि आमच्या आई, म्हणजे प्रभा पेंढारकर, असे चौघं एकेकाळी लक्ष्मीबाई नगरच्या जुन्या क्वार्टरांत शेजारी होते. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात त्यांना सगळे ‘चौकडी’च म्हणायचे. ते क्वार्टर आता पाडले. तिथे टॉवर उभे राहिले आणि त्यातलाच एक फ्लॅट माझ्या नवऱ्याला, जयंतला, नोकरीत मिळाला. आई नवव्या मजल्याच्या बाल्कनीत उभ्या राहून म्हणायच्या, “मी माझ्याच जुन्या अंगणाच्या डोक्यावर राहते.” बाबा असताना म्हणायच्या. ते गेल्यापासून काहीच म्हणत नव्हत्या. आमच्यासमोर रडल्या नाहीत, हसणं तर दूरच. वेळेवर जेवायच्या, औषधं घ्यायच्या, टीव्हीसमोर बसायच्या. चॅनल कुठलंही असलं तरी चालायचं. जयंतला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

म्हणून मंडळाने तिघांची मिळून एक सभा ठरवली आणि अध्यक्ष विश्वनाथ कारखानीसांनी “प्रभाताईंनीच बोलावं” असं सांगितलं, तेव्हा जयंतला बरं वाटलं. आई बोलतील, रडतील, मोकळ्या होतील. भाषण त्याने स्वतः लिहून दिलं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, कारण मंडळाची सांस्कृतिक चिटणीस मी. हळदीकुंकू असो, कोजागिरी असो की शोकसभा, माइक माझ्याच हातात येतो.

कॅबमध्ये जयंत पुढे बसला, आम्ही दोघी मागे. फेब्रुवारीतलं छान ऊन पडलं होतं, रविवार असल्यामुळे रस्ते मोकळे होते. आईंनी चष्मा लावून कागद उघडला आणि हळू आवाजात वाचायला सुरुवात केली.

“उपस्थित मान्यवर... राजाभाऊ, चंद्रप्रभा आणि श्यामकांत यांच्या निधनाने दिल्लीच्या मराठी समाजात कधीही भरून न निघणारी पो...”

इथे त्या थांबल्या. तोंड खिडकीकडे वळवलं. खांदे हलायला लागले.  मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जयंतनेही मागे वळून म्हटलं, “रड आई, बिल्कुल रोखू नकोस.”

आईंनी तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर पदराचा बोळा धरला होता आणि त्याच्या मागून फिस्स फिस्स असा आवाज येत होता.

“पोकळी,” त्या कशाबशा म्हणाल्या. “जयंता, तू पण पोकळीच लिहिलीस!”

मग त्यांनी सांगितलं. मंडळाच्या कुठल्याही शोकसभेत ही चौकडी शेवटच्या रांगेत बसायची. व्यासपीठावरून कुणी ‘पोकळी’ म्हटलं की चौघांनी मांडीवर एकेक बोट उघडायचं. चेहरा गंभीर. जो आधी हसेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. “एकदा तर कारखानीसांच्या भाषणात ह्यांची दोन्ही हातांची बोटं संपली, तेव्हा ह्यांनी चंद्राचा हात ओढून घेतला आणि तिची मोजायला लागले.”

“आई, हे काही फनी नाहीये,” जयंत म्हणाला.

“मी कुठे म्हणते आहे? म्हणून तर सकाळपासून विचारते आहे, हसू आलं तर काय करू?”

जयंतने कागद मागून घेतला, पेनने ‘पोकळी’ खोडली आणि वर ‘रिक्तता’ लिहिलं. आईंनी ते वाचलं. “रिक्तता? अरे, जागा भरायची आहे का आपल्याला? जाहिरात काढू या?” आणि त्या परत पदरात तोंड घालून बसल्या. आता मलाही काहीतरी व्हायला लागलं होतं. मी खिडकीची काच खाली केली आणि बाहेरची हवा घेतली.

पहाडगंजात मंडळाचा हॉल आहे. दारात गाडी जात नाही. कॅब स्टेशनच्या बाजूला सोडून, हॉटेलांच्या पाट्या, चादरींचे गठ्ठे आणि हातगाड्या चुकवत आम्ही पोचलो. हॉल भरला होता. समोर टेबलावर तीन फोटो. बाबांचा माकडटोपीतला, कारण दुसऱ्या कुठल्याच फोटोत त्यांनी डोळे उघडे ठेवले नव्हते. चंद्रप्रभामावशींचा पांढऱ्या साडीतला, छातीवर नर्सचं घड्याळ लावलेला. श्यामकांतकाकांचा ऑफिसच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, बघणाऱ्याकडे खुलासा मागणारा. टेबलाच्या एका टोकाला समई होती, दुसऱ्या टोकाला मेणबत्ती. मावशींचे भाचे बाळ साळवे नगरहून आदल्या दिवशी आले होते. ते मेणबत्तीच्या बाजूला हात जोडून उभे होते.

पहिल्या रांगेत श्यामकांतकाकांचा मुलगा अंशुमन बसला होता. पन्नाशीचा, पांढरा झब्बा, गुरुग्रामच्या एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर. बोलायला वडिलांसारखाच मोजका. शेजारी त्याची मुलगी इशिता, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली. तिला मराठी समजतं, पण घरी कणीक, भाजी, अभ्यास या शब्दांवर जेवढं चालतं तेवढंच.

मी सुरुवात केली. आईंना मुद्दाम व्यासपीठावर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं होतं, म्हणजे माझं लक्ष राहील. तीच माझी चूक झाली. तिथून त्या सगळ्यांना दिसत होत्या.

कारखानीसकाका उठले. राजभाषा विभागातून निवृत्त झालेले, ऐंशीला आलेले, आवाज अजून खणखणीत. “आज अंतःकरण जड झालेलं आहे. या तीन दीपस्तंभांच्या जाण्याने जी पोकळी निर्माण झाली आहे...”

आईंच्या मांडीवर एक बोट उघडलं.

मी माइकच्या वायरीकडे बघत राहिले. कारखानीसकाका पुढे सरकले. बाबांच्या विनोदबुद्धीबद्दल बोलले, मावशींच्या सेवाभावाबद्दल बोलले. “आणि ही पोकळी केवळ त्यांच्या कुटुंबातली पोकळी नाही, तर ती समाजाची पोकळी आहे!” आईंची बोटं पटापट उघडत गेली. त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला आणि तो गिळता येईना, तशाच गाल फुगवून बसल्या.

“ही पोकळी आपल्याला क्षणोक्षणी जाणवेल. ही पोकळी आपल्याशी बोलेल. ही पोकळी...” इथे काकांनी परिणामासाठी विराम घेतला. हॉलमध्ये पंख्याचा आवाजही ऐकू येईल अशी शांतता पसरली.

त्या शांततेत इशिता वडिलांकडे वाकली. तिला वाटलं आपण कुजबुजतो आहोत. “पापा, ये पोकळी कौन है? फोटो तो तीन ही हैं।”

आईंच्या तोंडातलं पाणी कारंज्यासारखं बाहेर आलं. ते बरंचसं माझ्या साडीवर आणि थोडं कारखानीसकाकांच्या चष्म्यावर गेलं. आणि मग त्या हसल्या. असं हसणं मी त्यांच्याकडून दोन महिने ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याआधीही कधी ऐकलं नव्हतं. खुर्चीचा हात धरून, डोळे मिटून, आवाजच न निघता आधी नुसता श्वास, आणि मग एकदम “हा हा हा” करत. मागच्या रांगेतून कुणाचा तरी फिसकन आवाज आला. मग मधून एक. मी तोंडावर फाइल धरली. तिचा काही उपयोग झाला नाही. हॉलमधले निम्मे लोक हसत होते आणि निम्मे हसणाऱ्यांकडे डोळे वटारून बघत होते. जयंतने कपाळाला हात लावला होता. नवऱ्याच्या शोकसभेत बायको हसते आहे, आणि तीही व्यासपीठावर!

“एक्सक्यूज मी.” अंशुमन उभा राहिला होता. कान लाल झाले होते. “काकू, मला तुमच्याबद्दल रिस्पेक्ट आहे. पण माझे बाबा असे नव्हते. त्यांना असला थिल्लरपणा आवडला नसता. मी त्यांना कधी मोठ्यांदा हसताना बघितलेलं नाही. आज तरी प्लीज...”

 इशिताने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आता माफी मागायची, भाषण गुंडाळायचं आणि चहा सांगायचा.

आईंनी डोळे पुसले. उठल्या, माझ्या हातातून माइक घेतला. जयंतचा कागद खुर्चीवरच राहिला.

“अंशू,” त्या म्हणाल्या, “तू बस बाळा. तुझे बाबा कसे होते ते मी सांगते. चौघांत सगळ्यात आधी कोण हसायचं माहितीये? चहाचा भुर्दंड कायम श्यामकांतरावांनाच पडायचा.”

अंशुमन बसला नाही. उभाच राहिला.

“आमच्या घरचा दीड दिवसाचा गणपती,” आई म्हणाल्या. “तू तेव्हा चार वर्षांचा असशील. तुला ताप होता, म्हणून तुझी आई घरी थांबली. विसर्जनाला यमुनेवर न्यायला टेंपो सांगितला होता, तो आलाच नाही. मग हे, मी, चंद्रा आणि श्यामकांतराव, असे आम्ही मूर्ती घेऊन बसने निघालो. हातभर उंचीची मूर्ती, ह्यांच्या कडेवर. कंडक्टर होता हरियाणाचा. तो म्हणाला, ‘इतनी बड्डी मूरत! सामान की टिकट लागैगी।’ झालं! तुझे बाबा उसळले. ‘सामान? भगवान को सामान बोलता है? सामान हो तो सीट के नीचे रखना पड़ेगा, ये नियम है। इनको नीचे रखेगा तू? सवारी बोलो। पूरा टिकट काटो।’ आणि घेतलं पूर्ण तिकीट. मग म्हणाले, तिकीट आहे तर जागा पण पाहिजे. खिडकीशी एक पैलवान बसला होता. त्याला म्हणाले, ‘उठिए, इनका टिकट है।’ तो बिचारा हात जोडून उभा राहिला. गणपती खिडकीत बसले. हवा खात.”

हॉलमध्ये हसू परत सुरू झालं होतं, पण दबकत. लोक अंशुमनकडे बघत होते.

“पुढच्या स्टॉपवर चेकर चढला. आमची तिकिटं बघितली. मग श्यामकांतरावांना म्हणाला, ‘आपका?’ त्यांनी खिशातून तिकीट काढलं आणि बघतच राहिले. देवाशी वाद... म्हणजे देवासाठी वाद घालण्याच्या नादात स्वतःचं तिकीट घ्यायचंच विसरले होते! कंडक्टर म्हणाला, ‘साब, यो टिकट तो भगवान जी की सै।’ अरे, त्या माणसाने नुसतं मान हलवली असती ना, तर चेकर पुढे गेला असता. गणपती काही तक्रार करणार नव्हते. पण नाही. श्यामकांतराव ताठ उभे राहिले आणि म्हणाले, ‘सही बोल रहा है। देवाच्या तिकिटावर मी प्रवास करणार नाही.’ अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. ऑडिटमधला माणूस विनातिकीट सापडला! चेकरने उतरवलं. आम्हाला इतकं हसू आलं की आम्ही पण मागोमाग उतरलो. दंड भरला, पावती घेतली, त्यांनी पावतीतली स्पेलिंगची चूक दाखवून दिली, आणि मग चंद्रा म्हणाली, ‘गणपती कुठे आहेत?’”

आई थांबल्या. त्यांना स्वतःलाच पुढे बोलता येईना.

“गेले होते!” मागून कुणीतरी ओरडलं.

“गेले होते! बस त्यांना घेऊन गेली होती. खिडकीत बसले होते ना! मग आम्ही एक स्कूटररिक्षा पकडली. चौघं आम्ही आणि पाचवा चेकर. तो म्हणाला, ‘भगवान का मामला है, मैं भी चलूँगा।’ त्याला जागा नव्हती, म्हणून तो श्यामकांतरावांच्या मांडीवर बसला. ज्याने दंड केला तो मांडीवर! चंद्रा बाहेर वाकून तिच्या चर्चच्या आवाजात ओरडत होती, ‘बस रोको! भगवान जी अकेले हैं!’ रस्त्यावरचे लोक हात जोडत होते. कुणाला, कुणास ठाऊक.”

आता कुणीच दबकत हसत नव्हतं. बाळ साळवे खिशातून रुमाल काढून डोळे टिपत होते.

“शेवटच्या स्टॉपवर पोचलो तर गणपती बसडेपोच्या ऑफिसातल्या टेबलावर विराजमान. ड्रायव्हरने पुढच्या काचेवरची झेंडूची माळ काढून त्यांना घातलेली. समोर जिलब्या. वर्कशॉपमधले सगळे मेकॅनिक हात काळे तसेच घेऊन उभे. म्हणाले, आरती केल्याशिवाय मूर्ती परत मिळणार नाही. टाळ कुठून आणायचे? चंद्राने दोन पाने उचलले. मेकॅनिकचे पाने! आणि तिने आरती उचलली. सगळी कडवी तिलाच यायची. श्यामकांतराव चुकले की ती त्यांना पान्याने टोचायची. आणि आरती संपल्यावर, अंशू, तुझे बाबा टायरांच्या ढिगावर बसले आणि हसायला लागले. थांबेचनात. उचकी लागली. तो चेकर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. मग म्हणाले, ‘राजाभाऊ, घरी सांगू नका. ऑफिसात तर अजिबात नको.’ म्हणून नाही सांगितलं. आज सांगितलं. आता मला कोण काय करणार आहे?”

टाळ्या पडल्या. शोकसभेत! मी अंशुमनकडे बघितलं. तो हसत नव्हता. कपाळाला आठ्या घालून, हिशेब न जुळल्यासारखा तो पुढे आला आणि आईंच्या जवळ उभा राहिला.

“काकू, एक विचारू?” माइक जवळच असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. “आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. तिथे बोर्ड आहे, पूल एरियात कॅप कंपल्सरी. बाबा रोज सकाळी तिथे उन्हात पेपर वाचायला बसायचे. स्वेटर, मफलर, कोट, आणि डोक्यावर स्विमिंगची रबरी टोपी. पिवळी. मी म्हटलं, बाबा, लोक हसतात. तर म्हणाले, ‘नियम आहे.’ कुणीतरी फोटो काढला. सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. मला इतकं ऑकवर्ड झालं. मला वाटायचं त्यांना कळतच नाही की...” तो थांबला. “काकू, ते मुद्दाम करत होते का?”

आईंनी त्याच्या दंडाला धरलं. “अरे वेड्या, तो फोटो त्यांनीच काढून घेतला होता! तिथल्या गार्डकडून. आमच्या चौघांच्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘पिवळी चांगली दिसते की निळी मागवू?’”

अंशुमनचं तोंड उघडं राहिलं. मग त्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला. हँडपंपाला पहिलं पाणी येताना येतो तसा. आणि तो हसला. हसताना त्याचे खांदे अगदी कानांपर्यंत जात होते. “निळी! त्यांनी निळी पण मागवली होती! माझ्या अकाउंटवरून!” इशिता खुर्चीवरून उठून धावत आली आणि वडिलांकडे बघत राहिली. “पापा, आप ऐसे हँसते हो?” असं तिने विचारलं, त्यावर त्याला आणखीच हसू आलं.

या सगळ्यात मी कारखानीसकाकांना विसरले होते. ते चष्मा पुसत कडेला उभे होते. माझ्या मनात आलं, या म्हाताऱ्या माणसाची आज आपण जाहीर टर उडवली. मी जवळ जाऊन म्हटलं, “काका, सॉरी. ते पोकळीचं...”

त्यांनी टेबलावरचा दुसरा माइक उचलला. “प्रभाताई,” ते म्हणाले, “एक खुलासा करतो. मला माहीत होतं.”

आईंनी त्यांच्याकडे बघितलं.

“मला व्यासपीठावरून शेवटची रांग अगदी स्वच्छ दिसते. पहिल्यांदा बोटं दिसली तेव्हा राग आला होता, नाही कशाला म्हणू? पण मग वाटलं, एवढा लक्ष देऊन ऐकणारा श्रोता दुसरा कुठे आहे? तेव्हापासून मी चार-दोन पोकळ्या मुद्दाम वाढवायला लागलो. राजाभाऊंनी चंद्रप्रभाताईंचा हात धरला ना, त्या दिवशी मी ठरवूनच आलो होतो.” त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “आज शेवटच्या रांगेत चौकडी दिसली नाही. म्हटलं, प्रभाताई तर आहेत. त्यांच्यासाठी म्हणाव्यात.”

आई पुढे झाल्या. त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांना वाकून नमस्कार करायला लागल्या. ते “अहो, अहो” करत मागे सरकले आणि समईला धक्का लागता लागता राहिला.

त्यानंतर सूत्रसंचालनाचा प्रश्नच उरला नाही. लोक आपले आपण उठत होते. कुणी सांगितलं, चंद्रप्रभामावशींनी वॉर्डात बिडी ओढणाऱ्या एका मोठ्या अधिकाऱ्याला एनिमा देण्याची धमकी देऊन आठवडाभर गाणी म्हणायला लावली होती. कुणी सांगितलं, बाबांनी मंडळाच्या सहलीला आग्र्याला नेतो म्हणून सगळ्यांना चुकीच्या गाडीत बसवलं आणि मेरठला उतरल्यावर “ताजमहाल पुढच्या वेळी” म्हणाले. बाळ साळवे उठले आणि म्हणाले, आत्याने मला पत्रात कायम लिहिलं की दिल्लीत माझ्या ओळखीची काही साधीशी, धर्मभीरू मंडळी आहेत. आणि त्यांनी आमच्याकडे असं काही बघितलं की हॉलमध्ये पुन्हा हशा पिकला.

शेवटी कुणाला तरी आठवलं की दोन मिनिटं शांतता पाळायची राहिली आहे. सगळे उभे राहिलो. मी डोळे मिटले. अगदी सुरुवातीला शांतता नीट होती. बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं ऐकू येत होती. मग माझ्या डाव्या बाजूने एक बारीक, नाकातून सुटलेला आवाज आला. तो इशिताचा होता. लगेच उजवीकडून एक. मी दातांत जीभ धरली. कारखानीसकाका उभे होते तिथे खुर्ची थरथरत होती. तेवढ्यात आईंनी माझा हात पकडला. मला वाटलं, हसू आवरायला. पण त्यांचा हात गच्च आणि गार होता. मी डोळे उघडले. त्या बाबांच्या माकडटोपीतल्या फोटोकडे बघत रडत होत्या. ओठ हसतच होते, आणि गालांवरून पाणी चाललं होतं. दोन्ही एकदम चालू होतं आणि त्या दोन्हीतलं काहीच थांबवत नव्हत्या. मी पण नाही थांबवलं. दोन मिनिटं किती वेळ चालली, कुणास ठाऊक. घड्याळ माझ्याकडे असायला हवं होतं.

परत येताना कॅबमध्ये आई जयंतच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. या वेळी तो मागे बसला होता. घरी आल्यावर त्यांनी आमटीभात मागून खाल्ला, वर लोणचं, आणि रिमोट हातात घेऊन म्हणाल्या, “हे काय फालतू लावलंय, बदल ते.” जयंतने माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने चॅनल बदललं.

दुसऱ्या दिवशी बँकेत कामावर निघायच्या घाईत माझा फोन वाजायला लागला. मला वाटलं, आता तक्रारी. पहिली तक्रारच होती. मंडळाचे एक जुने सभासद म्हणाले, असा प्रकार शोभत नाही, लेखी निषेध देणार आहे. मी “हो काका, बरोबर आहे” म्हटलं. दुसरा फोन द्वारकाबाई भागवतांचा. वय अठ्ठ्याऐंशी, ऐकू कमी येतं, म्हणून त्या ओरडून बोलतात.

“स्वरूपा! काल छान झालं गं! माझ्या वेळेला प्रभालाच बोलायला सांग! कारखानीस नको!”

“आजी, असं काय बोलता? तुम्हाला खूप...”

“ते राहू दे! पण तिला माझं काय माहितीये? तिला सगळं आधी सांगून ठेवायला पाहिजे! मी एकोणीस वर्षांची असताना करोल बागेत एका सरदारजीच्या घोड्यावर बसून पळाले होते! घोडा लग्नाचा होता! दे तिला फोन!”

मी मोबाइल स्वयंपाकघरात नेऊन आईंना दिला. त्यांनी तो कानापासून वीतभर लांब धरला. “द्वारकाताई, घोडा? कुणाचा घोडा? नवरदेव वर होता की उतरला होता?” मला बाहेर पडायचं होतं, मेट्रो चुकणार होती, आणि फोन तर माझाच होता. मी दारातून हातवारे केले. आईंनी माझ्याकडे न बघताच खुर्ची ओढली, बसल्या, आणि फोनमध्ये म्हणाल्या, “थांबा, थांबा. अगदी पहिल्यापासून सांगा.”